बोलती काठी आन् गुलाबरावांची सपरी

उभी नोकरी मी लोकांना गोल बसवण्यात घालवली. हसू नका. आमच्या धंद्यात गोल बसल्याशिवाय विकास होतच नाही. रांगेत बसलेल्या गावाचा विकास झाला, असं मी तरी एकाही अहवालात वाचलं नाही. सतरंजी आणा, माणसं आणा, गोल बसवा, मधात मोठा कागद अंथरा, त्यावर रंगीत पेनं ठेवा, पंखा असेल तर बंद करा कारण कागद उडतो. मग बाहेरून आलेले साहेब म्हणणार, "आता तुम्ही बोला." आणि सगळं गाव गप्प बसणार. तिथून पुढे माझं काम सुरू.

मी सुमन, राहणार मंगरूळपीर. एका लहानशा संस्थेत समन्वयक होते, म्हणजे कागदावर तसं लिहिलेलं होतं. कामरगावपासून धनजपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर मला "मीटिंगवाली ताई" म्हणत. माझी स्कूटी वळणावर दिसली की एक म्हातारी ओरडायची, "आली माय ते गोल बसवणारी, पळा!" आणि पळणाऱ्यांत ती पहिली असायची. मीही मग आवाज चढवायची. माझा आवाज मोठा आहे. आमच्या घरी तर म्हणतात, हिला मोबाईल कायले पाहिजे.

या कामाला नीट नाव नाही, म्हणून सांगूनच टाकते. पुण्या-मुंबईहून, बंगलोरहून, कधीकधी थेट परदेशातून माणसं येतात. त्यांच्याजवळ एखादी वस्तू असते, नाही तर कल्पना असते. गावाजवळ अडचण असते. या दोघांची सोयरीक जमवायची. पोरगी पाहायच्या कार्यक्रमात जसं असतं तसंच बघा. पाहुणे पोहे खातात, दोन्हीकडचे गोड गोड बोलतात, आणि खरं काय ते मधल्या माणसाला दाराबाहेर चपला घालताना कळतं. तो मधला माणूस मी.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे 'हो' ओळखणं. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. "हाव न" म्हटलं की समजायचं, फक्त ऐकू आलं. "करू न बाप्पा" म्हटलं की करणार नाहीत. आणि "पाहू" म्हटलं की विषय संपला, चहा घ्या आणि निघा. मग खरं 'हो' कसं ओळखायचं? तर खरंच पटलं की आमचा माणूस हो म्हणतच नाही, तो भांडायला लागतो. "मंग टिनं कोण आनीन? वायर कुठून घेसान? पावसात भिजलं तं?" असं सुरू झालं की बाहेरचे साहेब घाबरायचे आणि मी मनातल्या मनात पेढे वाटायची.

किती नमुने पाहिले म्हणून सांगू! एकदा पाण्याचा गोल ड्रम आला होता. डोक्यावर हंडा घ्यायची गरज नाही, ड्रम आडवा पाडायचा, दांडा धरायचा आणि लोटत घरी न्यायचा. फोटोत एक बाई हसत हसत ड्रम ओढत होती, पण तिच्या पायाखाली वाळू होती. आमच्याकडे काळी माती, तीही श्रावणातली. विहिरीवरून निघालेला ड्रम दहा पावलांत मातीनं माखला, पुढे आणखी फुगला, आणि मारुतीच्या पारापर्यंत येईतो त्याचा असा काही लाडू झाला की चार बायांना तो हलेना. ज्या बाईचा ड्रम होता ती त्याच्यावर बसली आणि म्हणाली, "सुमनताई, आता याच्यात पाणी हाय का मीच हाय, ते पाहा." तो ड्रम अजून आहे. त्यात गहू ठेवतात, उंदीर लागत नाहीत. मी म्हणते, वस्तू वाईट नव्हतीच.

दुसऱ्या एका ताफ्यानं पिवळ्या चिकट चिठ्ठ्या आणल्या होत्या. प्रत्येकानं आपली गरज एका चिठ्ठीवर लिहायची आणि शाळेच्या भिंतीला चिकटवायची. भिंत पिवळीधम्मक झाली. साहेब खुश झाले, जेवायला गेले. आम्ही परत आलो तेव्हा एक बकरी शेवटची ओळ खात होती. साहेबांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "सर, काळजी करू नका, उंचावरच्या राहिल्यात." तर त्या वर्षी त्या गावात फक्त उंच लोकांच्या गरजा नोंदल्या गेल्या.

पण लिहायला बसले ते या गमतींसाठी नाही. मला एका काठीबद्दल लिहायचं आहे. त्या काठीनं माझी जागा घेतली आणि मला अजून तिचा राग येतो.

कामरगावाच्या पुढे, धनजच्या रस्त्यानं आत वळलं की एक वस्ती लागते. तिथं रेखाचा बचत गट होता. रेखा म्हणजे संजूची बायको, चटपटीत, कामाला वाघीण. दसरा झाला की ही नवरा-बायको टोळीबरोबर ऊसतोडीला जायची ती उन्हाळ्यात परतायची. मागच्या खेपेला पोरगीला शाळेतून काढून सोबत न्यावं लागलं. परत आल्यावर ती पोरगी दोन अंकी बेरीजसुद्धा विसरली होती. तेव्हा रेखानं ठरवलं, पुन्हा फडात पाऊल टाकायचं नाही. आमच्या भागात तूर भरपूर. गटाला लहानशी दाल मिल मिळणार होती. ती मिळाली की घरीच काम, घरीच पोट.

फक्त जागा पाहिजे होती, आणि सगळ्या वस्तीत जागा एकच होती. रेखाच्याच घरापुढची सपरी. सपरी म्हणजे टिनाची पडवी. मिलला लागते ती विजेची लाईन तिथपर्यंतच आलेली. सपरी होती गुलाबरावांच्या नावावर, आणि गुलाबराव म्हणजे संजूचे मोठे भाऊ, रेखाचे भासरे. ते सपरीत खुर्ची टाकून बसायचे. भोवती कुटाराचे, म्हणजे भुश्याचे ढीग आणि मोडकी रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी. मी विचारायला गेले की म्हणायचे, "पाहू." पुढल्या हप्त्यात गेले की, "पाहू न, सुमनताई." तुम्हाला आता माहीत आहे त्याचा अर्थ काय.

मग रेखानंच विचारावं की नाही? तिथंच तर सगळं अडलं होतं. नवऱ्याच्या मोठ्या भावाशी आमच्याकडे सुना बोलत नसत. समोर बसायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, हातातून हातात वस्तू द्यायची नाही. त्यानंही तिचं नाव घ्यायचं नाही. आता पुष्कळ घरांतून ही रीत गेली, पण गुलाबरावांच्या घरात ती पक्की बसलेली. त्यांची बायको होती तोवर ती मधात बोलायची. ती वारली आणि निरोप पोचवणारं कोणी उरलं नाही. संजू? तो मोठ्या भावापुढे फक्त खोकायचा.

भादवा निम्मा सरला होता. टोळीच्या मुकादमाचे फोन सुरू झाले होते. रेखा मला म्हणाली, "ताई, आता तं दसरा आला. सपरी भेटली नाई तं मले जाच लागीन." तिचे डोळे भरून आले होते. त्याच हप्त्यात मिलचे डिझाइनवाले येणार होते. जागा नक्की झाली नाही तर दाल मिल दुसऱ्या गावाला जाणार, हे त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

डिझाइनवाले दोघं आले. अनन्या मॅडम, पुण्याची तरतरीत पोरगी, आणि तिचे कौस्तुभ सर. सरांचा खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी, पायात कोल्हापुरी. मिलचा आराखडा हेच काढणार होते. सपरीत पाऊल टाकताच सर म्हणाले, "आम्ही पाश्चात्त्य दृष्टिकोन दाराबाहेर सोडून आलोय."

गुलाबराव म्हणाले, "चपला बी सोडा. सपरी सारवेल हाये."

मग खुर्चीवरून झालं. गुलाबरावांनी स्वतःची खुर्ची पुसून सरांपुढे ठेवली. सर म्हणाले, नको, खुर्ची ही बाहेरून लादलेली गोष्ट आहे, मी जमिनीवर बसेन. गुलाबरावांचा चेहरा उतरला. "लादेल कायची? माह्या सासऱ्यानं देल्ली," ते म्हणाले. सर खाली बसले. पाहुणा खाली बसल्यावर गुलाबराव कसे वर बसतील? तेही बसले. ते बसले म्हणून सरपंच बसले, गुडघ्यांचा आवाज करत. शेवटी खुर्ची रिकामी राहिली आणि तिच्यावर एक कोंबडी जाऊन बसली. सगळी सभा होईपर्यंत तिला कोणी उठवलं नाही. पाहुणी समजून सोडून दिली असावी.

"आता गोल बसू या," मॅडम म्हणाली. मी म्हटलं, बोंबला. कारण गोल बसलं की सगळे सगळ्यांना दिसतात आणि इथं अर्ध्या बायांना कोणी ना कोणी सासरा, भासरा समोर दिसणार. झालंही तसंच. पुरुष आत तोंड करून बसले, सुना बाहेर तोंड करून. रेखा भिंतीकडे पाहत बसली, डोक्यावर पदर हनुवटीपर्यंत. मॅडम बिचारी प्रत्येकीला खांद्याला धरून आत फिरवायची आणि ती पुढच्या बाईकडे गेली की आधीची पुन्हा बाहेर फिरायची.

तेव्हा सरांनी झोळीतून काठी काढली. हातभर लांब, गुळगुळीत, वरच्या टोकाला मणी आणि एक पीस. सर म्हणाले, "ही बोलती काठी. फार दूरच्या एका देशातल्या मूळ रहिवाशांची रीत आहे. काठी ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं."

मी म्हटलं, "म्हणजे सर, पश्चिमेचंही नाही आणि आपलंही—"

"सुमनताई," सर गोड हसून म्हणाले, "काठी तुमच्या हातात नाही."

आईशप्पथ सांगते, नोकरीत मला कोणी असं गप्प केलं नव्हतं. वस्तीतल्या बाया पदरात तोंड लपवून हसल्या. ती पळणारी म्हातारी याच वस्तीतली, ती तर इतकी हसली की तिला ठसका लागला.

सरांनी मान म्हणून पहिल्यांदा काठी त्याच म्हातारीला दिली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली, जमिनीवर टेकवून जोखली, म्हणाली, "मस्त हाय, थोडी बुटकी हाय, पन चालन," आणि काठी टेकत वाकून घराकडे चालू लागली. मॅडम मागे धावली. आजीला समजावून परत आणेपर्यंत पाव तास गेला. मी समजावलं असतं तर दोन वाक्यांत झालं असतं, पण मला बोलायची बंदी! नंतर काठी सरपंचांकडे गेली, त्यांनी आमदारापासून आभार मानायला सुरुवात केली. मग संजूकडे. तो म्हणाला, "माह्यं काई नाई," आणि ती गरम तव्यासारखी गुलाबरावांकडे सरकवली. गुलाबरावांनी हातात काठी येताच सवयीनं आधी दारातलं कुत्रं हाकललं, मग म्हणाले, "पाहू."

"छान," मॅडम म्हणाली. "आता ती रेखाताईंना द्या."

भासऱ्यानं सुनेच्या हातात द्यायची? सगळे गुलाबरावांकडे पाहू लागले. गुलाबरावांनी एकदा खाकरलं, काठी सारवलेल्या जमिनीवर ठेवली आणि बोटानं थोडी पुढे ढकलली. रेखानं मागे न पाहता हात मागे नेला, चाचपून काठी उचलली आणि मांडीवर घेतली.

"बोला ना, रेखाताई. आमच्याकडे बघून," मॅडम म्हणाली. सरांनी हळूच तिच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं. त्या माणसाचं मला एवढंच कौतुक वाटतं. त्याला काही कळलं नव्हतं, पण काहीतरी व्हायला आलंय एवढं कळलं होतं.

रेखा भिंतीकडेच पाहत होती. मग ती काठीकडे पाहून म्हणाली, "ऐकून राह्यली का व काठी?"

मला वाटलं, पोरगीचं डोकं फिरलं.

"तुह्या त्या मोठ्या मानसाले सांग, सपरी आमाले पायजे. कायमची नाई. दाल मिल ठेवाले पायजे." आणि तिनं काठी पाठीमागे जमिनीवर ठेवली.

गुलाबरावांनी ती उचलली. पिसाकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "काठे, तिले इचार, आज सपरी मांगते, उद्या वावर मांगीन, परवा चूल वेगळी करीन. मी का बह्याड हाओ? मले का समजत नाई?" काठी खाली.

"काठी व," रेखाचा आवाज चढला, "चूल वेगळी करा लागती तं कवाच केली असती! टोळीत जा लागू नाई म्हनून मांगून राह्यलो आमी. पोरगी फडात नेली तं बेरीज इसरली. यंदा मी नाई जात. कोनी काई म्हनो."

गुलाबरावांनी काठी उचलली. कोंबडीनं खुर्चीवर कूस बदलली. शेवटी ते म्हणाले, आणि आता आवाज बारीक होता, "काठे, मंग हे आधी काहून नाई सांगतलं म्हना?"

"कोनाले सांगू?" रेखा जवळजवळ ओरडलीच, काठी उचलायलासुद्धा थांबली नाही. "म्हैस तं इकून टाकली!"

तुम्ही जसे गोंधळलात तसे सर आणि मॅडम गोंधळले. मीही गोंधळले, खोटं कशाला बोलू. पण वस्तीतल्या बायांनी एकदम "अगाई, खरंच की" असा सुस्कारा टाकला आणि म्हातारीनं कानात सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाऊबाई गेल्यापासून या घरात सगळी बोलणी मैना नावाच्या म्हशीमार्फत चालायची. संध्याकाळी रेखा धार काढताना म्हणायची, "मैना, भाकरी झाल्या म्हना, जेवून घ्या म्हना." दुसऱ्या बाजूनं गुलाबराव पाठ थोपटत म्हणायचे, "मैने, उद्या मी बजाराले जातो, काई आनाचं असन तं सांग." मैना रवंथ करायची आणि घर चालायचं. उन्हाळ्यात तिचं दूध आटलं, बाजारात नेऊन विकली, आणि त्या दिवसापासून घरात कोणी कोणाशी बोललंच नव्हतं. मी तिकडे स्कूटीवर फेऱ्या मारत होते, निरोप नेत होते, आणि त्या घराचा खरा समन्वयक म्हशींच्या बाजारात विकला गेला होता!

"काठे," गुलाबराव म्हणाले, "म्हैस दूध नवती देत."

"दुधाले कोन रडते व काठी. घरात एक तं होती ऐकनारी."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सरपंचांनी टोपी काढून पुन्हा घातली. संजू जमिनीकडे पाहत होता. गुलाबराव काठीवरच्या मण्यांवरून अंगठा फिरवत होते.

मग खाकरून म्हणाले, "काठे, त्या मिलचा आवाज लई येते म्हनते. मी दुपारी झोपाले कुठी लोटू?"

माझे कान टवकारले. भांडण! भांडण सुरू झालं होतं!

"मांगच्या खोलीत बाज टाकून देतो म्हना."

"माह्यी खुर्ची?"

"राहू द्या म्हना. कुटार मात्र हटवा लागन."

"कोन हटवन?"

"काठी व, पोरीच्या बापाले हात नाई का देल्ले देवानं?"

"हटवतो न, हटवतो," संजू दचकून म्हणाला. सरांनी बोट वर केलं, कारण काठी त्याच्या हातात नव्हती. संजू तोंडावर हात ठेवून बसला.

असं तासभर चाललं. पाणी कुठून घ्यायचं, बाया चपला कुठं काढतील, गिऱ्हाईक बैलगाडी कुठं सोडेल, सगळ्यावर भांडले. काठी खाली-वर, खाली-वर, तिचं पीस गळून पडलं. मॅडमचं पेन थांबत नव्हतं. मला तर आतून उकळ्या फुटत होत्या. शेवटी गुलाबराव म्हणाले, "आन् तिले सांग, निंबाची फांदी टिनावर येते. मशीन आनाच्या आधी ते तोडा लागन." एवढं म्हणून त्यांनी काठी ठेवली आणि तंबाखू काढली.

मॅडम हळूच म्हणाली, "म्हणजे, हो की नाही?"

सरांनी काठी उचलून माझ्या हातात दिली. दिवसभराचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "अहो हो! हो म्हणाले! फांदी तोडायला सांगितली म्हणजे हो! याच्यापेक्षा मोठं हो या जिल्ह्यात मिळत नाही!" मी आणखीही पुष्कळ बोलले. शेवटी म्हातारीनं माझ्या हातातून काठी काढून घेतली.

परतताना कौस्तुभ सर खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "आम्ही सगळ्यांना समोरासमोर बसवत होतो. आम्हाला वाटलं, समोरासमोर म्हणजे समानता."

मी म्हटलं, "सर, आमच्याकडं तोंडाकडे पाहून माणूस गोड बोलतो. पाठ केली की खरं बोलतो."

त्यांनी गाडीतच आराखडा काढला आणि मिलजवळची गोल बैठक खोडली. तिथं एक लांब ओटा काढला, दोन्ही बाजूंनी बसता येईल असा, पाठीला पाठ लावून. आज तालुक्यात सगळ्यात जास्त गप्पा त्या ओट्यावर चालतात. सरांना त्या दिवशी एवढं स्फुरण चढलं होतं की ते म्हणाले, "सुमनताई, प्रत्येक प्रकल्पात एक म्हैस दिली तर?" मी म्हटलं, "म्हशी देणारे पुष्कळ आहेत सर, पण ते नंतर येऊन दूध मोजतात." यावर ते इतके हसले की चालकानं गाडी हळू केली.

काठी त्यांनी तिथंच ठेवून दिली. मला गेला बाजार एक डायरी तरी देतील असं वाटलं होतं. नाही दिली.

दसरा झाला, टोळी गेली, रेखा गेली नाही. पुढं तुरी निघाल्या आणि मिल सुरू करायचा दिवस ठरला. मी तोवर निवृत्त झाले होते, पण रेखानं फोन केला, "ताई, तुमी नाई आल्या तं बटनच दाबत नाई." मी गेले. निंबाची फांदी तोडलेली, कुटार हललेलं, पोरगी शाळेच्या गणवेशात नारळ धरून उभी. गुलाबराव नवं धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा घालून, जणू मिल त्यांनीच बनवली, अशा थाटात फिरत होते. मिस्तरी सांगत होता की पट्ट्यावरची जाळी संध्याकाळी बसवतो. रेखानं पदर डोक्यावर ओढून बटण दाबलं.

बाप रे, काय तो आवाज! टिन थरथरायला लागलं. एका बाजूनं पिवळी डाळ, दुसऱ्या बाजूनं टरफलांचा ढीग. सगळे तोंडं हलवत होते आणि कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. काठी दाराजवळ खुंटीला टांगलेली, तिचा काय उपयोग? गुलाबराव कौतुकानं वाकून वाकून डाळ पाहत होते. पाहता पाहता ते पट्ट्याच्या बाजूनं वाकले आणि त्यांच्या दुपट्ट्याचं टोक खांद्यावरून घसरलं.

"भाऊजी! दुपट्टा!"

मिलच्या आवाजावरून तो आवाज आला. माझा आवाज मोठा आहे म्हणते मी, पण असा आवाज मला आयुष्यात काढता आला नाही. रेखानं दोन्ही हातांनी भासऱ्याचा दंड धरला आणि त्यांना असं ओढलं की ते उडून टरफलांच्या ढिगात पडले. पट्ट्यानं दुपट्टा गर्रकन खेचून घेतला आणि त्याच्या चिंध्या केल्या. मिस्तरीनं बटण बंद केलं.

गुलाबराव टरफलांत कमरेपर्यंत रुतलेले, मिशीवर, भुवयांवर, कानांत टरफलं. कोणालाच हसू येईना. रेखाच्या डोक्यावरचा पदर कधीच पडला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. तिनं त्यांना हात लावला होता, तोंडावर हाक मारली होती, सगळ्या वस्तीदेखत. भान आलं तशी ती पदर शोधायला लागली.

मी पुढे झाले, त्यांना उठवायला. गुलाबरावांनी मला हातानं बाजूला केलं. त्यांनी पट्ट्यात अडकलेल्या चिंध्यांकडे पाहिलं, नंतर स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला. मग मान वर करून नीट रेखाच्या तोंडाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पाहत असावेत.

"रेखा," ते म्हणाले, "हात दे."

तिनं हात पदराला पुसला आणि पुढे केला.